कोरी पट्टी

नसीर,

परवा आपल्या महाविद्यालयाच्या सभागृहात तुझी शोकसभा झाली. चार वक्ते बोलले आणि चौघांनीही ज्या माणसाचे वर्णन केले, त्याला मी कधी भेटलेलो नाही. अखेरची दोन मिनिटे 'गुरुवर्यांसाठी' राखून ठेवली होती. मी उठलो, ध्वनिवर्धकापाशी गेलो आणि "आपण सर्वांनी ज्या गृहस्थांना श्रद्धांजली वाहिली, त्यांचा माझा परिचय नाही," एवढे बोलून जागेवर येऊन बसलो. म्हाताऱ्याचा तोल गेला, असे मागच्या रांगेत कुणीतरी हलकेच म्हणाले. माझा तोल गेलेला नव्हता. तो तुझ्याशी वाद घालताना जात असे. या मंडळींसाठी तो घालवावा इतकी त्यांची योग्यता नाही.

म्हणून जे सभेत बोललो नाही, ते तुझ्याशीच बोलतो. तू ऐकून घेशील आणि मग मान तिरपी करून म्हणशील, "सर, तुमचं झालं असंन त मी बोलू का?" या वेळी ते होणार नाही, हे मला समजते. समजते म्हणजे शब्दांचा अर्थ कळतो, इतकेच.

पहिल्या वक्त्याने तुझ्या वडिलांची कापूस पिंजायची धनुकली काढली. पिंजाऱ्याच्या घरात जन्मलेल्या, धनुकलीच्या आवाजाने ज्याची झोप उघडे अशा मुलाने पुढे केसाहून कितीतरी पट बारीक तंतू काढावेत, ही म्हणे विधात्याची योजना. ऐकायला गोड आहे. खरे असे की कापूस तुला सोसत नव्हता. जळगाव जामोदच्या तुमच्या अंगणात वडील आणि तुझे थोरले बंधू यूसुफभाई गाद्यांचा कापूस पिंजायला बसले की तू घराच्या मागे जाऊन बसायचास, कारण उडणाऱ्या तंतूंनी तुझ्या छातीत शिटी वाजायची. तू रसायनाकडे वळलास तो कापसापासून पळण्यासाठी. पहिल्या वर्षी मी विचारले होते, औषधनिर्माणशास्त्रच का निवडलेस? तू म्हणालास, "सर, मले असा धंदा पायजे जिथं काई उडत नाई." पुढे तू जो धंदा पत्करलास, त्यात उडण्याखेरीज दुसरे काही नव्हते. आपल्या तंतू काढायच्या यंत्रावर पहिले जाळे जमले, तेव्हा तू दारात उभा होतास आणि सवयीने नाकाला रुमाल लावला होतास. विधात्याची योजना म्हणायचीच असेल, तर हा रुमालही तिच्यात धरा.

दुसऱ्या वक्त्याने मला तुझा शिल्पकार केले. हा आरोप मी साफ फेटाळतो. मी तुला घडवले असते तर तू माझे ऐकले असतेस. मी एवढेच केले की तुझ्या वर्गात दोन काचेचे पेले ठेवले. एकात धावड्याचा डिंक टाकला, दुसऱ्यात कांडोळाचा. दोन्ही सातपुड्यातलेच. तास संपेपर्यंत पहिला पाण्यात विरून गेला आणि दुसरा फुगून पेलाभर झाला. एक पदार्थ पाण्यात स्वतःला हरवतो, दुसरा पाणी पिऊनही स्वतःला धरून ठेवतो, हे मला दाखवायचे होते. दरवर्षी दाखवायचो, दरवर्षी मुले वहीत उतरवून घ्यायची. तू हात वर केलास. "सर, हा फुगतो ते ठीक आहे. पण थांबतो कुठं?" मी उत्तर दिले. तू म्हणालास, "नाई सर, मी त्याले कोण थांबवते ते नाई इचारून राह्यलो. आपल्याले पायजे तिथं थांबवता येते का, ते इचारून राह्यलो." त्या क्षणापासून मी तुझ्यावर चिडलो आणि तो राग आजतागायत टिकून आहे. माझ्या आयुष्यात याहून टिकाऊ अशा फारशा गोष्टी नाहीत.

तिसऱ्याने त्याग आणला. मोठ्या शहरातली प्रयोगशाळा, परदेशी जाण्याची संधी, हे सारे लाथाडून तू म्हणे मातृभूमीच्या ओढीने घाटाखाली परतलास. मी समोर बसलो होतो, म्हणून त्यांनी निदान माझ्याकडे पाहायला हवे होते. तू परत आलास, कारण रेहानाला जळगाव जामोदच्या शाळेत नोकरी लागली होती आणि तुला तिच्याशिवाय करमत नव्हते. दुसरे कारण तू मला बसस्थानकावर चहा पिताना सांगितलेस. तिकडच्या तुझ्या वरिष्ठांशी वाद घालायला गेले की ते हसून "तुझे बरोबर असेल" म्हणायचे. "असा माणूस काय कामाचा, सर?" बायकोवरचे प्रेम आणि भांडणाची हौस, अशा दोन थोर कारणांनी परतलेल्या माणसाला त्यागाचा शेला कशाला पांघरता?

तू आपल्या महाविद्यालयात शिकवायला रुजू झालास, तोवर मी निवृत्त झालो होतो. निवृत्तीनंतर माणसाने देवदर्शनाला जावे अशी रीत आहे. मी रोज तुझ्या प्रयोगशाळेच्या खोलीत येऊन बसू लागलो.

त्या खोलीविषयी सभेत कुणी काही बोलले नाही, कारण पावसाळ्यात तिथे कुणी आले नव्हते. बाहेरच्या माणसाला आपले यंत्र म्हणजे गंमत वाटे. पॉलिमरचे दाट द्रावण आणि त्यात मिसळलेले औषध एका सिरिंजमध्ये भरायचे, सुईला हजारो व्होल्टचा दाब द्यायचा आणि समोर जमिनीला जोडलेला ॲल्युमिनियमचा पत्रा ठेवायचा. सुईच्या टोकावरचा थेंब ताणला जातो, त्याचा तंतू होतो, तो हवेत भोवंडत सुकतो आणि पत्र्यावर येऊन बसतो. तासन्‌तास तसे होऊ दिले की कागदासारखी पांढरी पट्टी जमते. हवा कोरडी हवी, ही एकच अट. आणि आपले बुलढाणे घाटावर. श्रावणात ढग खिडकीतून आत येतात. तंतू सुकायच्या आधीच पत्र्यावर पडायचा आणि पट्टीऐवजी थेंबांची नक्षी मिळायची. तू खिडक्यांच्या फटींत चिकटपट्ट्या मारल्यास, दोन दिवे पेटते ठेवलेस, मला बाहेर काढलेस.

"मी काय केले?"

"सर, तुमी बोलता. बोलल्यानं दमटपणा वाढते."

"आणि तू?"

"मी कमी शब्दांत बोलतो. तुमी समासात बोलता."

मी व्हरांड्यात खुर्ची घेऊन बसलो आणि दाराबाहेरून समासातच बोलत राहिलो. तू आतून "हाव, हाव" म्हणत राहिलास. ऐकत नव्हतास, हे मला माहीत होते. तरीही, नसीर, त्या व्हरांड्याइतके मानाचे आसन मला पुन्हा कुठे मिळाले नाही.

चौथे वक्ते प्राचार्य. त्यांच्याकडे येतोच. त्याआधी ही पट्टी कशासाठी होती ते सांगितले पाहिजे, कारण सभेत तेही कुणी सांगितले नाही.

बीटी कापूस आला तेव्हा बोंडअळी संपली असे लोकांना सांगण्यात आले. काही वर्षे फवारणी खरोखर कमी झाली, हे मी नाकारत नाही. एकतर्फी वृत्तान्त मी कुणाचाही खपवून घेत नाही, मग तो माझ्या बाजूचा का असेना. पण पुढे गुलाबी अळी परतली, आणि रस शोषणाऱ्या किडींवरची फवारणी तर थांबलीच नव्हती. पाठीवरचा पंप गळतो. मजुराच्या कमरेची कातडी सोलते. वेचणीच्या बायांच्या पायांत पऱ्हाटीचे, म्हणजे कापसाच्या झाडांचे, खुंट घुसतात आणि त्या जखमा महिनोन्‌महिने भरत नाहीत. ग्रामीण रुग्णालयात मलमपट्टी फुकट मिळते. मात्र ती बदलायला रोज यावे लागते, आणि वेचणीच्या दिवसांत रोज कोण येणार? गिरजाबाईने हे तुला पहिल्याच भेटीत ऐकवले होते. पन्नाशीची, काटक, कुणाच्या बापाला न भिणारी बाई. घोट्यावर जुनी जखम. "भाऊ, पट्टी बदलाले आली त मजुरीचा रोज बुडते. रोज बुडला त तुमची पट्टी खाऊ का?"

तेव्हा तुझ्या डोक्यातला तो पेला पुन्हा भरला. जखमेवर कोरडी पट्टी ठेवायची. जखमेचा ओलावा प्याला की तंतू फुगतात, त्यांच्या आतल्या साखळ्या एकमेकींपासून दूर सरतात आणि त्या मोकळ्या वाटांनी औषध हळूहळू बाहेर येते. जखम जितकी ओली, तितके औषध अधिक. ती सुकत आली की पट्टीही आवरते घेते. बाईने आठवड्यातून एकदा यावे. तुझे सारे विज्ञान त्या एका वाक्यासाठी होते, आठवड्यातून एकदा यावे. सभेत हे वाक्य कुणी उच्चारले असते तर मी उठून नमस्कार केला असता.

रीतसर परवानग्या मिळाल्या, रुग्णालयाच्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली मोजक्या रुग्णांना पट्ट्या लावल्या गेल्या. औषध घातलेली पट्टी फिकट पिवळी दिसायची, कारण ते प्रतिजैविकच पिवळे. औषधाविना केलेली कोरी पट्टी पांढरीशुभ्र. हे पत्र पुढे कुणी वाचले, तर त्यांनी हा रंगाचा भेद ध्यानात ठेवावा, कारण ज्यांनी तो ध्यानात ठेवला नाही त्यांनीच आज सारा घोटाळा केला आहे.

गिरजाबाई दुसऱ्याच दिवशी आली. घोट्याला लुगड्याची चिंधी बांधलेली, पट्टी गायब. तू विचारलेस, काय झाले?

"काढून फेकली. खरडून काढली."

"काऊन?"

"भाऊ, राग येऊ देऊ नका. तुमच्या कापसात कोणी तरी पाणी मारलं."

तू आधी हसलास. मग तुझे हसू थांबले. मी ते थांबताना पाहिले. कापूस वजनाला जास्त भरावा म्हणून त्यावर पाणी मारण्याची लबाडी आपल्या मुलखात शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. घेणारा गंजीत कोपरापर्यंत हात घालतो, आतला कापूस ओला आणि फुगलेला लागला की सौदा मोडतो. ज्या बाईचा जन्म कापसात गेला, तिच्या लेखी फुगलेले आणि ओले म्हणजे खोटे. तिने पट्टी खरडून टाकली ती अडाणीपणाने नव्हे. तिच्या व्यवहाराचा नियमच तो होता. आपण पदार्थविज्ञानाचे सारे नियम पाहिले होते, हा पाहायचा राहिला. त्या आठवड्यात आणखी दोघींनी तेच केले.

आणि इथून आपला शेवटचा वाद सुरू झाला. तो अजून संपलेला नाही. तू गेलास म्हणून तो माझ्या बाजूने निकाली निघाला असे मी मानणार नाही. असले विजय मला नकोत.

माझे म्हणणे असे की पट्टी फुगते म्हणून बाया काढून टाकतात, तर तिला कमी फुगू द्या. साखळ्यांना साखळ्या अधिक बांधा, ओव्हनमध्ये अधिक वेळ भाजा, म्हणजे गाठी घट्ट बसतील. तू म्हणालास, "मंग दवाई आतच राहीन, सर. फुगल्याशिवाय सुटत नाई." मी म्हणालो, जी पट्टी जखमेवर राहतच नाही, तिच्यातली दवा सुटून काय उपयोग? तू म्हणालास, "तुमी वस्तू बदलून राह्यले. मी त बाईले समजावतो." मी म्हणालो, माणसे समजावण्यापेक्षा पॉलिमर समजावणे सोपे असते, हे मी आयुष्यभर शिकवत आलो. त्यावर तू जे बोललास ते मी विसरलेलो नाही. "म्हणूनच तुमचा एकबी विद्यार्थी तुमाले समजला नाई, सर."

पंधरवडाभर आपण बोललो नाही. मग तू पेढे घेऊन आलास आणि म्हणालास की भांडण चालू आहे, फक्त तोंड गोड करून करू.

त्यानंतर आजार. मधुमेह तुला तरुणपणापासून होता आणि त्याने आतून काय खाल्ले ते आपल्याला उशिरा कळले. मूत्रपिंडे थकली, डायलिसिस सुरू झाले. पायांची संवेदना गेली. अंगठ्याची जखम रुग्णालयातले डॉक्टर पाहत होते. तिला आपल्या पट्टीचा स्पर्शही झाला नाही. हे मी स्पष्ट लिहितो आणि कुणाला खात्री करून घ्यायची असेल त्याने त्या डॉक्टरांना विचारावे. नडगीवर मात्र एक उथळ, खरचटल्याची जखम होती, खाटेची कड लागून झालेली. तिच्याकडे पाहत तू म्हणालास, "सर, एक कोरी पट्टी आणा."

"कशाला?"

"गिरजाबाईले नेमकं काय वाटलं असंन, ते मले पाहाचं आहे. फुगली म्हणून काढली का आणखी काई झालं? खाज आली? ओढ बसली? ते कळल्याशिवाय मी तुमची घट्ट पट्टी मान्य नाई करत."

मी म्हणालो, माझ्या हाताला लावू. तू म्हणालास, कोरड्या कातडीवर ती फुगत नाही, तिला ओल लागते. "अन् तुमच्या अंगावर जखम कुठून आणू? तुमी जखमा करता, सर. तुमाले होत नाई."

डॉक्टरांना विचारले. ते म्हणाले, औषध नाही ना, मग साधी पट्टीच ती, हरकत नाही. मी स्वतः तुझ्या खोलीत जाऊन कोऱ्या पट्ट्यांतली एक आणली. या हातांनी आणली आणि या हातांनी लावली. म्हणून ती कोरी होती हे मी कुणाकडून ऐकलेले सांगत नाही.

मग आपण दोघे वाट पाहत बसलो.

"काही वाटते?" मी विचारले.

"नाई."

"खाज? ओढ?"

"सर, पट्टी लावली आहे न तुमी? का उगाच बसवून राह्यले मले?"

मी हसलो आणि लगेच दोघांच्याही ध्यानात आले. नडगीपर्यंतची संवेदना गेलेली होती. ज्या पायाला काहीच कळत नव्हते, त्या पायाला आपण प्रश्न विचारत होतो. हे आधी न सुचावे इतके काही आपण मूर्ख नव्हतो. मला वाटते तुला सुचले होते, आणि तरीही विचारून पाहावेसे वाटले.

"मंग तुमीच पाहा, सर. फुगली का?"

"फुगली."

"किती?"

"तुला हवी होती तितकी."

"म्हंजे तुमच्या मते जास्त."

"माझ्या मते फार जास्त."

"मंग बराबर आहे," तू म्हणालास आणि डोळे मिटलेस.

आपल्यातले हे अखेरचे बोलणे. नंतर दोनदा भेटलो, पण तू गुंगीत होतास, आणि जो उत्तर देऊ शकत नाही त्याच्याशी मी बोलत नाही. आता बोलतो आहे. पाहा, माझेही नियम मोडले.

तू गेलास आणि तुला घाटाखाली नेले. अंगणात चादरींचा आडोसा केला होता आणि आत यूसुफभाई आणि तुमच्या घरची माणसे तुला गुसल, अखेरचे स्नान, घालत होती. मी बाहेर खुर्चीवर बसलो होतो. पाण्याचा आवाज येत होता. मला एकाएकी आठवले की पट्टी अजून पायावर आहे. उठून सांगावे असे वाटले आणि सांगायचे काय, हे सुचेना. तुमच्या घरच्या विधीत मी कोण? मी पुन्हा व्हरांड्यातच बसलेला माणूस. फरक इतकाच की आतून "हाव, हाव" येत नव्हते.

तिसऱ्या दिवशी दुआ झाल्यावर यूसुफभाई माझ्याजवळ येऊन बसले. अजूनही गाद्या भरतात. गिऱ्हाईक उरलेले नाही, हात थांबत नाहीत. म्हणाले, "सर, एक इचारू? त्याच्या नडगीवर ते पांढरं काय होतं?"

"पांढरं होतं ना?"

"दुधासारखं. रुई असती त पाण्यानं बसली असती. सारी जिंदगी रुई पाह्यली मी, भिजली का मरते. हे त उलटं फुलून आलं. मी ओढून काढणार होतो. मौलाना बोलले, कातडी निघून येईन, राहू द्या. त राहू दिलं." त्यांनी माझ्याकडे पाहिले. "काही चुकलं त नाई न, सर? दवाई होती का ते?"

"नाही," मी म्हणालो. "कोरी होती. काही चुकले नाही."

नसीर, ती तुझ्याबरोबर गेली.

आता प्राचार्य. त्यांनी सभेत सांगितले की डॉ. नसीर यांनी स्वतःच्या देहावर स्वतःच्या औषधाचा प्रयोग केला आणि विज्ञानासाठी आत्मबलिदान केले. खोलीबाहेर तशी पाटी लावण्याचा मानस त्यांनी जाहीर केला. सभागृह गहिवरले. त्यांना हे उमगले नाही की ज्या गोष्टीला ते बलिदान म्हणत आहेत, तीच घाटाखाली दुसऱ्या शब्दांत पोहोचली आहे. तिथे लोक म्हणतात, नसीरभाऊ आपल्याच पट्टीने गेले. दोन्ही एकच खोटे. एकाला हार घातला आहे, इतकेच. सभा आटोपल्यावर मी त्यांच्या दालनात गेलो. पट्टी कोरी होती, मी लावली, ज्यांनी तुला आंघोळ घातली त्यांनी ती पांढरी पाहिली, सारे सांगितले. ते म्हणाले, "सर, लोकांच्या भावना आहेत. शिवाय रुग्णच तयार होत नसतील, तर ते काम पुढे चालवायचे कुणासाठी?" खोलीला तूर्त कुलूप लावू म्हणाले.

हाच तो मुद्दा. हार घातलेला तू भिंतीवर राहशील आणि काम कुलपात राहील. तुझी पट्टी जिच्यासाठी होती ती बाई तिला विष समजेल. ते मी होऊ देणार नाही. माझे वय पाहून कुणी निश्चिंत राहू नये.

काल सकाळच्या एसटीने मी घाट उतरलो आणि गिरजाबाईच्या घरी गेलो. ती दारात पऱ्हाटीच्या काड्यांच्या मोळ्या बांधत होती. "जयभीम, सर," म्हणाली आणि मला बसायला बाज ओढली. घोट्यावर आता नुसता वण आहे. साध्या मलमपट्टीने, फार उशिरा, पण जखम भरली. इकडचे तिकडचे बोलण्याची तिला सवय नाही.

"नसीरभाऊ त्या पट्टीनंच गेले, असं सारे म्हणून राह्यले. खरं आहे का?"

"खोटे आहे. त्या पट्टीत औषधच नव्हते. कोरी होती ती."

"कोरी? मंग काऊन लावली?"

"तू का काढलीस ते त्याला कळून घ्यायचे होते. तुला ती लावल्यावर काय वाटले असेल, ते त्याला स्वतःला पाहायचे होते."

तिने हातातली मोळी खाली ठेवली. "माह्यासाठी?"

"तुझ्यासाठी."

"मंग कळलं का त्याईले?"

"नाही. त्याच्या पायाला काही कळतच नव्हते."

तिने त्या वणावरून बोट फिरवले. मग ती म्हणाली, "सर, एक सांगाचं राह्यलं माह्याकडून. लावल्याबराबर गार वाटलं होतं. लय दिवसाची आग होती पायात, ते हळूहळू बसली. त्या रात्री मी झोपली. किती दिवसानं झोपली. सकाळी उठून पाह्यलं त हे एवढं फुगलेलं. भेव वाटलं, काढून टाकलं. अन् काढून टाकल्यावर कोणत्या तोंडानं सांगू, का गार वाटलं होतं म्हणून?"

निघताना तिने मला रस्त्यापर्यंत सोबत केली. म्हणाली, "कोणी काई बोललं त मी सांगीन. कोरी होती म्हणून सांगीन. अन् तुमी खोली उघडा, सर. मी येतो पहिली. पाय असंन त पाय, हात असंन त हात. जखमायची काय कमी आहे इकडं."

उद्या मी तिला घेऊन प्राचार्यांकडे जाणार आहे. यूसुफभाईही येतील. कुलूप निघेल. न निघाले तर मी त्या व्हरांड्यात खुर्ची टाकून बसेन. तिथे बसण्याचा सराव माझ्याइतका कुणाला नाही.

वाद संपला असे समजू नकोस. माझी घट्ट पट्टीही तशीच गार वाटली असती की नाही, हे अजून पाहायचे आहे, आणि ते पाहिल्यावाचून मी तुझे म्हणणे मान्य करणार नाही. पण तू त्या खाटेवर एक प्रश्न विचारला होतास आणि तुझ्या पायाने तुला उत्तर दिले नव्हते. ते उत्तर मी घाटाखालून आणले आहे. दुसऱ्या कुणाला ते सांगण्याआधी तुला सांगतो.

लावल्याबरोबर गार वाटते, नसीर. मग आग बसते. मग झोप लागते.